मीटर, पाटी आणि मठारकाम

गळ्यात कॅमेरा अडकवून पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलेला माणूस काय टिपणार, हे आळीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. तिरकं ऊन, लखलखणारं घंगाळ, हातोडी उगारलेला सुरकुतलेला हात. फोटो देखणा येतो. पण तो २००५ चा की २०२५ चा, हे काही केल्या कळत नाही. बदलत्या वस्तीची नोंद ठेवायची म्हटली की घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्याच्या पत्र्यावर गोल ठसे उमटवतात, ते मठारकाम. ती नुसती नक्षी नव्हे. ठोके खाऊनच मऊ पत्रा कडक होतो. पूर्वी हे ठोके बंबांवर, हंड्यांवर पडायचे. मग स्टील आलं, गिझर आले. आता तेच हात पाण्याच्या बाटल्या, ट्रे, दिव्यांच्या शेड घडवतात. तेव्हा कारागिराच्या चेहऱ्याइतकंच त्याच्या मांडीशी काय पडलंय, तेही चौकटीत हवं.

अशी नोंद ठेवणारे पॅरिसचे छायाचित्रकार युजीन आत्जे तीसेक वर्षं जुन्या शहरातली दुकानं, जिने, अंगणं, फेरीवाले टिपत राहिले. चित्रकारांना आणि संग्रहालयांना फोटो विकून त्यांचं पोट चालायचं. १९२७ मध्ये ते गेल्यावर छायाचित्रकार बेरेनीस अ‍ॅबट यांनी त्यांचा संग्रह वाचवला आणि पुढे १९३५ ते १९३९ या काळात बदलतं न्यूयॉर्क तितक्याच निगुतीने टिपलं. दोघांच्याही फोटोंतल्या दुकानांच्या पाट्या वाचता येतात. मोठेपण तिथेच आहे, असं माझं मत.

वाड्याचा दिंडीदरवाजा सगळेच काढतात. त्याऐवजी बोळातला विजेच्या मीटरांचा फळा काढावा. मीटरागणिक एक बिऱ्हाड, खाली रंगाने लिहिलेलं आडनाव. एखादं खोडलेलं, एखाद्या जागी नुसत्या तुटक्या वायरी. वर्षानुवर्षं नाममात्र भाडं, म्हणून रखडलेली डागडुजी, मग मालक-भाडेकरूंची कोर्टकचेरी आणि शेवटी बिल्डरचा बोर्ड. वाडा पडण्याआधीची ही हकिगत त्या फळ्यावर निम्मी तरी सापडते.

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. कसबा पेठ आणि मंडई ही तिची स्थानकं थेट पेठांच्या पोटात आहेत. स्थानकाच्या तोंडाशी एक कोपरा धरावा आणि दर सहा महिन्यांनी तिथूनच, त्याच लेन्सने फोटो घ्यावा. एकेकटा फोटो मुका वाटेल. ओळीने लावले की चहाची टपरी कधी हलली आणि भांड्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं कधी आली, ते दिसू लागेल.

लांबून टेलिलेन्सने टिपणं इथल्या बोळांत जमत नाही, आणि बरंही दिसत नाही. ३५ मिलिमीटरची लेन्स लावली की माणसाजवळ जावंच लागतं. म्हणजे बोलणं आलं.

“काका, एक फोटो काढू का?”

“काढ की. पण सगळे नुसते काढून जातात. प्रिंट आणून दे.”

प्रिंट द्यावीच. आणखी एक आपल्याकडे ठेवावी. तिच्यामागे पेन्सिलीने तारीख, आळी, घर नंबर आणि त्या दिवशी काय घडवणं चाललं होतं, ते लिहावं.