उलटसुलट वाहणारी वीज

पनवेलच्या स्थानकावर लोकल गाडीची वाट पाहतांना डोक्यावरील तार ज्यानें पाहिली नाहीं असा विद्यार्थी विरळा. वरच्या वर्गांतील मुलांस प्रत्यावर्ती प्रवाह आम्ही हल्लीं त्या तारेपासूनच शिकवितों. पूर्वींची आमची रीत निराळी होती. फळ्यावर लाटेसारखी वक्ररेषा काढावयाची, खालीं सूत्र लिहावयाचें व उदाहरणें करवून घ्यावयाचीं. मुलांस गुणहि चांगले मिळत. परंतु एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, घरांतला प्रवाह सेकंदांत पन्नास वेळां पुढें जातो आणि पन्नास वेळां मागें येतो, म्हणजे सरासरी शून्य. मग दिवा कसा लागतो, आणि बाबा बिल कशाचें भरतात?" वर्ग हंसला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. सूत्र सर्वांस पाठ होतें, उत्तर कोणासच देतां येईना.

तें उत्तर स्वयंपाकघरांत सांपडतें. ताक घुसळतांना रवीची दोरी एकदां उजवीकडे ओढली जाते, एकदां डावीकडे. दोरी कोठेंच जात नाहीं, तरी लोणी येतें; कारण रवी उलट फिरो वा सुलट, ताक घुसळलें जातेंच. हात वळतांना दोरी क्षणभर थांबते व मध्यावर तिचा वेग सर्वांत अधिक असतो, प्रवाहाचेंहि तसेंच. दिव्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि ऋण संख्येचा वर्ग धनच येतो. म्हणून क्षणोक्षणींच्या मूल्यांचे वर्ग करावे, त्या वर्गांची सरासरी काढावी व मग तिचें वर्गमूळ घ्यावें. येईल तें परिणामी मूल्य. तितकाच एकदिश प्रवाह तितकीच उष्णता देईल. घरांतील 230 व्होल्ट हा आंकडा असाच काढलेला आहे. दाबाचें शिखर त्याच्या 1.414 पट, म्हणजे सुमारें 325 व्होल्ट असतें, व तारेच्या आवरणास तें सोसावें लागतें.

आतां रेल्वेकडे वळूं. 3 फेब्रुवारी 1925 रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली, ती 1500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढें पनवेलपर्यंत पोंचलेल्या हार्बर मार्गावरून एकदिश प्रवाह 2016 सालीं अजीबात गेला व 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. हा खटाटोप कशासाठीं, तें मुलांकडूनच काढवून घ्यावें. गाडीस 3000 किलोवॅट शक्ति हवी असें धरूं. 1500 व्होल्टवर 2000 अँपियर लागतात. 25,000 व्होल्टवर अवघे 120. प्रवाह सोळा-सतरा पट घटला, तर त्याच तारेंत वायां जाणारी उष्णता सुमारें 278 पट घटते! टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्-केंद्र 1915 सालीं सुरू झालें; तेथील वीज उच्च दाबानें मुंबईस नेली गेली, तीहि याच कारणास्तव.

मग एकदिश प्रवाहाचाच दाब कां वाढविला नाहीं? इतका दाब गाडीच्या मोटारींस देतां येत नाहीं, तो गाडींत उतरवून घ्यावा लागतो. आणि तें काम सोप्या रीतीनें करणारें रोहित्र बदलत्या प्रवाहावरच चालतें. स्थिर प्रवाहानें त्याच्या दुसऱ्या वेटोळ्यांत कांहींच उत्पन्न होत नाहीं.

वरील हिशेबांत दाब व प्रवाह बरोबरीनें चढतात-उतरतात असें आम्ही गृहीत धरलें आहे. वाटेंत वेटोळें असेल तर प्रवाह दाबाच्या मागें रेंगाळतो. तेथें रवीचा दृष्टान्त ताणूं नये. तेथें फळ्यावरील वक्ररेषाच बरी, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों.

बिलाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलानें दुसऱ्या दिवशीं वहींत एक गणित करून आणलें. 25,000 हेंहि परिणामीच मूल्य. तेव्हां स्थानकावरील तारेचा दाब दर सेकंदास शंभर वेळां 35,000 व्होल्टच्या वर जातो. टपावर चढणाऱ्यानें तारेस हात लावला नाहीं, नुसता जवळ नेला, तरी ठिणगी हवेंतून त्याच्या अंगावर उडी घेऊं शकते. तें पान आम्हीं वर्गाच्या भिंतीवर लावलें आहे.