सूट कशातून आणि कोणासाठी?

तिवसे तालुक्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. तिची पालखी येथूनच आषाढीस पंढरपुरी जाते. पहिल्या बाळंतपणास लेकीने माहेरी यावे, ही रीतही आपल्याकडे जुनीच. परंतु माहेरी आलेल्या अशा एखाद्या लेकीस प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाला, तर काय करावयाचे? रक्तपेढी अमरावतीस, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरवर. आणि वैद्यकशास्त्र सांगते की, उपचार न झाल्यास असा रक्तस्राव दोन तासांतही प्राण घेऊ शकतो. रुग्णालयांना सेवा वाढविण्यासाठी शासनाच्या पूर्वपरवानगीतून मोकळीक द्यावी, अशी जी मागणी अधूनमधून केली जाते, तिचा विचार या दोन तासांच्या हिशेबाने झाला पाहिजे.

मागणी निराधार आहे, असे मुळीच नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपला कायदा १९४९ सालचा. त्याचे नवे नियम २०२१ मध्ये आले. सोनोग्राफीचे यंत्र बसवावयाचे तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी हवी. क्ष-किरण यंत्रास अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुमती हवी. जैव कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ, आगीसाठी अग्निशमन यंत्रणा, गर्भपात केंद्रासाठी जिल्हा समिती! तालुक्याच्या गावी दहा खाटांचे रुग्णालय चालविणारा डॉक्टर रुग्ण तपासावयाचे सोडून जिल्ह्याच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागला, तर त्यात रुग्णाचे कोणते हित साधले? असा त्रास टाळण्यासाठी तो शहराची वाट धरील, तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

तथापि, परवाने काढून टाकले की सेवा आपोआप वाढेल, हे गृहीतक तपासून पाहावे लागेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९६४ साली नियम केला की, नव्या खाटांची गरज सिद्ध केल्याखेरीज रुग्णालयास त्या वाढविता येणार नाहीत. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने ही पद्धत देशभर पसरली. पुढे १९८६ मध्ये तो कायदा रद्द झाला. काही राज्यांनी ही अट सोडली, काहींनी ठेवली. त्या वादावरून आपल्याकडे सरसकट मोकळिकीचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कारण तेथील प्रश्न ‘खाट हवी आहे काय?’ असा होता. आपल्या नोंदणीचा प्रश्न ‘खाट सुरक्षित आहे काय?’ असा आहे. खासगी रुग्णालय अमरावतीत काढावे की धारणीस, हे आपला नोंदणी कायदा विचारीतच नाही. शहरात गर्दी आणि मेळघाटात वानवा ही स्थिती परवान्यांनी निर्माण केलेली नाही. ते नाहीसे झाल्याने ती पालटणारही नाही.

रक्ताच्या बाबतीत मात्र परवान्याचा प्रश्न खरोखरच जीवनमरणाचा झाला होता, आणि तो इतिहास उद्बोधक आहे. रक्तपेढ्यांतील अनागोंदी आणि एड्सचे संकट या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये रक्तपेढ्यांच्या परवान्यांविषयी कडक आदेश दिले. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. हे सारे आवश्यकच होते. परंतु त्याची झळ खेड्यांतील शल्यचिकित्सकांस लागली. नातेवाइकाचे रक्त घेऊन, तपासून, ते तेथेच रुग्णास देण्याची त्यांची रीत परवान्याच्या चौकटीत बसेना. शहरातील रुग्णाच्या रक्षणासाठी केलेला नियम खेड्यातील रुग्णाच्या मुळावर येऊ लागला.

यावर निघालेला तोड विचार करण्याजोगा आहे. डिसेंबर २००१ मध्ये औषधविषयक नियम दुरुस्त करून प्रथम संदर्भ केंद्रे, सामुदायिक व प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि रुग्णालये यांना रक्त साठविण्यापुरते रक्तपेढीच्या परवान्यातून वगळण्यात आले. पण ही सूट मोकाट नव्हती. रक्त अधिकृत पेढीतूनच आणावयाचे, ते आपल्याच रुग्णांना द्यावयाचे, वर्षाचा वापर दोन हजार पिशव्यांच्या आत ठेवावयाचा, आणि राज्याच्या औषध प्रशासनाने पाहणी करून मान्यता द्यावयाची! परवान्याचा डोलारा गेला. देखरेख मात्र राहिली. सूट द्यावयाची ती कशी, याचा हा वस्तुपाठ म्हटला पाहिजे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या विदर्भातच घडले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षास आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता विभागात आग लागून दहाहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. ही दोन्ही रुग्णालये शासनाची होती, आणि शासकीय रुग्णालये शुश्रूषागृह नोंदणीच्या कक्षेबाहेरच आहेत. म्हणजे सूट ज्याला आधीच मिळालेली, तो स्वतः शासनच! दुसऱ्याची तपासणी करणाऱ्याने आपली तपासणी टाळावी, हा न्याय कोणता?

मग मार्ग कोणता? वीज, आग, प्राणवायू, कचरा आणि गर्भलिंगनिदान या बाबींत पूर्वतपासणीस सूट असू नये. खासगी रुग्णालयास नाही आणि शासकीयासही नाही. तेथे चूक झाली तर ती मागाहून दुरुस्त करता येत नाही. चार खाटा वाढविणे, प्रयोगशाळेत नवी चाचणी सुरू करणे, एखादा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा बोलाविणे अशा गोष्टींसाठी मात्र तालुक्याच्या व त्याखालच्या पातळीवर लेखी कळविणे पुरेसे मानावे. अधिकाऱ्याने ठरावीक मुदतीत येऊन पाहावे. न आल्यास काम अडू नये. वेगवेगळ्या खात्यांसाठी अर्ज एकच असावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने शासनाच्या कामास मुदतीचे तत्त्व लावलेच आहे. ते येथे कसोशीने पाळले जावे. आणि जी सूट दिली असेल, तिच्या अटी रुग्णालयाच्या दारावर मराठीत लावाव्यात. शिक्षक, कारकून, विद्यार्थी असे आपण सारे कधी ना कधी रुग्णाचे नातेवाईक म्हणून त्या दारात उभे राहतो. आपणांसही ते वाचता आले पाहिजे.

एवढे करूनही एक गोष्ट उरतेच. रक्तसाठ्यासाठी नियम सैल झाला, तरी शीतपेटी चालविण्यास अखंड वीज लागते, तंत्रज्ञ लागतो, रात्री हजर राहणारा डॉक्टर लागतो. यांपैकी काहीही सूट देऊन मिळत नाही. त्यासाठी पैसा आणि माणसे द्यावी लागतात. नियम सैल करणे शासनास स्वस्त पडते, म्हणून तेवढ्यावरच थांबण्याचा मोह मोठा आहे. तो टाळला, तरच माहेरी आलेल्या लेकीच्या त्या दोन तासांना काही अर्थ राहील.