उन्हाळी लागल्यावरची गोळी : कधी थांबायचं?

उन्हाळी लागली की आपल्या वस्तीतली बाई आधी धण्याचं पाणी पिते. नाही उतरलं तर पोराला मेडिकलवर धाडते. ‘लघवीला जळजळ आहे’ एवढ्या सांगण्यावर गोळ्या येतात, चिठ्ठी नाही की तपासणी नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत बऱ्याचदा नायट्रोफुरान्टोइन लिहिलेलं असतं.

औषध वाईट नाही. १९५३ पासून ते वापरात आहे आणि मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला आजही डॉक्टर ते देतात. जेवणानंतर घ्यावं, उपाशीपोटी मळमळतं. लघवी तपकिरी झाली तर बाया घाबरून गोळी सोडतात. तो औषधाचा रंग आहे, त्याला भिऊ नका.

भ्यायचं वेगळ्याच गोष्टीला. गोळी सुरू झाल्यावर काही तासांत किंवा दोन-तीन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर ती फुफ्फुसावरची रिअ‍ॅक्शन असू शकते. घरचे म्हणतात, हवा बदलली. सर्दीची गोळी आणतात आणि पहिलीही चालू ठेवतात. इथेच जीव धोक्यात येतो. गोळी थांबवा आणि पाकीट घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, डोळे पिवळे झाले तरी तसंच. हातापायाला मुंग्या येऊ लागल्या तरी थांबायचं, कारण नसांचं नुकसान पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही. महिनोन्‌महिने ही गोळी घेणाऱ्यांना फुफ्फुस, यकृत आणि नसांचा धोका अधिक.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे रुग्ण घरोघरी ऐकू येतात. ही गोळी मूत्रपिंडातूनच लघवीत उतरते. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती मूत्राशयात पुरेशी पोचत नाही, रक्तात मात्र साठते. म्हणजे रोग राहतो आणि विषबाधा वाढते. खारं पाणी प्यायलेल्या म्हाताऱ्या माणसांनी, साखर-बीपीवाल्यांनी क्रिएटिनिन तपासल्याशिवाय ही गोळी घेऊच नये, असं आम्ही ठामपणे सांगतो. नववा महिना लागलेल्या बाईनं, महिन्याच्या आतलं बाळ अंगावर पिणाऱ्या आईनं आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्यांनीही नाही. थंडी वाजून ताप आणि कमरेत कळ असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असतो. तिथे ही गोळी कामाची नाही.

‘मग सिप्रो द्या’ म्हणणारेही भेटतात. त्या गटातल्या औषधांनी टाचेमागची शीर तुटू शकते. दुसरा इलाज असताना साध्या लघवीच्या संसर्गाला ती वापरू नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्येच बजावलं आहे.

रिअ‍ॅक्शन आली तर ती नोंदवता येते, हे आपल्या लोकांना कुणी सांगतच नाही. २०१० पासून देशात त्यासाठी सरकारी कार्यक्रम चालू आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन फुकट लागतो, रुग्ण स्वतः बोलू शकतो. औषधाचं नाव, गोळी कधी सुरू केली, त्रास कधी झाला, एवढं हाताशी ठेवा. आणि रिकामं पाकीट चुलीत टाकू नका.