मिकमॅक शेतकऱ्यांचे अर्ज आणि राखीव जमिनीचे वास्तव

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मिकमॅक या आदिवासी समाजातील कुटुंबांनी बियाणे आणि अवजारे यांसाठी सरकारकडे वारंवार अर्ज केले, त्यावरून हा समाज शेतीला नाखूष आणि सरकारी मदतीवर विसंबलेला होता, असा समज रूढ झाला. तो चुकीचा तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे.

मिकमॅकांचे पूर्वापार जीवन मासेमारी आणि शिकारीवर चालत असे. युरोपीय वसाहतींनी नदीकाठ आणि राने व्यापल्यावर अनेक कुटुंबे बटाट्याच्या लागवडीकडे वळली. नोव्हा स्कॉशियातील शुबेनाकडी येथील मिकमॅक प्रमुख पेमिनुइट यांनी 1841 मध्ये राणी व्हिक्टोरियाकडे दाद मागितली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने मिकमॅकांच्या कायम वस्तीसाठी कायदा केला. मात्र नोव्हा स्कॉशियातीलच केप ब्रेटन बेटावर त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनींवर स्कॉटिश स्थलांतरितांनी अतिक्रमण केले, त्यातच 1845 पासून बटाट्यावर करपा पडला; कुजलेल्या पिकातून पुढच्या हंगामाचे बियाणे निघत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे बियाण्याची मागणी आळसातून आलेली नव्हती, हे स्पष्ट होते.

राखीव जमीन कुटुंबाच्या मालकीची असते, हा दुसरा गैरसमज होय. अशी जमीन आदिवासी समूहाच्या वापरासाठी राखलेली असली तरी तिची कायदेशीर मालकी राजसत्तेकडे असते, कुटुंबाला फार तर ताबा मिळतो, आणि 1876 च्या इंडियन ॲक्ट या आदिवासींविषयीच्या कायद्यापासून ती बाहेरच्या सावकाराकडे किंवा बँकेकडे तारण ठेवता येत नाही. ही तरतूद जमीन बळकावली जाऊ नये म्हणून उपयोगी असली, तरी तिच्यामुळे शेतीकर्जाची वाट बंद झाली आणि सरकारी खात्याखेरीज दुसरे दार उरले नाही.

त्या दारातही भेद होताच. दुसऱ्या महायुद्धानंतर इतर माजी सैनिकांना शेतीसाठी सवलतीचे कर्ज मिळत असे, त्याचा काही भाग माफही होई. राखीव जमिनीवर वसणाऱ्या आदिवासी सैनिकाला मात्र जास्तीत जास्त 2,320 डॉलरचे अनुदानच मिळे आणि तेही आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या खात्यामार्फत. शिवाय 1942 पासून नोव्हा स्कॉशियातील विखुरलेल्या मिकमॅकांना एस्कासोनी आणि शुबेनाकडी या दोनच ठिकाणी एकवटण्याची योजना राबवली गेली. घरे आणि कामाच्या आश्वासनांवर अनेकांनी कसलेली शेते सोडली, परंतु नव्या जागी पुरेशी लागवडीयोग्य जमीन नव्हती, आणि पूर्वी स्वतःचे अन्न पिकवणारी कुटुंबे सरकारी शिध्यावर आली.