यजमान मेला, तरी जंत जिवंत

प्राणी मेला की त्याच्या शरीरातील परजीवीही संपतात, असा सर्वसाधारण समज आहे. ट्रिकिनेला हा सूक्ष्म गोलकृमी मात्र त्याला अपवाद आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात १८३५ मध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याला तो प्रथम दिसला, तोही मृतदेहाच्याच स्नायूंत.

या जंताची जेमतेम एक मिलिमीटर लांबीची अळी स्नायूच्या पेशीत शिरते आणि त्या पेशीचेच रूपांतर आपल्या निवासात करते. बहुतेक जातींत या पेशीभोवती कोलॅजेनचा टणक कोश तयार होतो. यजमान मेल्यावर रक्तपुरवठा थांबतो, ऑक्सिजन संपतो, मांस कुजू लागते; पण अळीला ऑक्सिजनविनाही ऊर्जा मिळवता येते. तिचे खरे शत्रू म्हणजे उष्णता आणि कोरडेपणा. उन्हात वाळणाऱ्या सांगाड्यात तिचा फारसा निभाव लागत नाही. थंड, दमट हवेत मात्र कुजक्या मांसातही ती आठवडेच्या आठवडे तग धरते. विशेष म्हणजे, बर्फाचा थर येथे पांघरुणाचे काम करतो. वर कडाक्याची थंडी असली, तरी थराखाली तापमान शून्याच्या आसपास राहते आणि कुजणेही रेंगाळते. मृतभक्षक कोल्हा किंवा अस्वल तेथे पोचेपर्यंत तगून राहणे, एवढेच अळीला साधायचे असते.

उत्तर ध्रुवीय प्रदेशातील ट्रिकिनेला नटिव्हा ही जात तर गोठलेल्या मांसात वर्षानुवर्षे जिवंत राहते. डुकराच्या मांसातील नेहमीची जात उणे १५ अंश सेल्सिअसला २० दिवसांत मरते. हा हिशेब येथे चालत नाही.

त्याचा प्रत्यय २०२२ मध्ये अमेरिकेत आला. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात शिकार केलेल्या काळ्या अस्वलाचे मांस ४५ दिवस गोठवून ठेवले होते. साउथ डकोटातील एका कौटुंबिक मेळाव्यात त्याचे कबाब वाढले गेले. मांसाचा रंग मुळातच गडद असल्याने ते कच्चे राहिल्याचे लवकर लक्षात आले नाही. सहा जणांना बाधा झाली. तिघांना रुग्णालयात दाखल करावे लागले. बाधा झालेल्या सहांपैकी दोघांनी मांस खाल्लेच नव्हते, केवळ त्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या! पुढे तपासणीत त्या गोठवलेल्या मांसात हालचाल करणाऱ्या अळ्या आढळल्या. शिकारीचे मांस आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे, अशी तेथील आरोग्य यंत्रणेची सूचना आहे.