असरोलची पूड आणि गोळी

रमजान सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज बाजारात खजूर, सब्जा आणि सरबतांची खरेदी वाढते. घराघरांत रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा सहेरी आणि इफ्तारवर येतात. अशा वेळी कुणीतरी सुचवते, ‘गोळी कशाला? जडीबुटीची पूड घ्या, तिचा त्रास नसतो.’ हे कितपत खरे, ते सर्पगंधेच्या मुळाकडे पाहिले की कळते.

युनानीत सर्पगंधेला असरोल म्हणतात. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमा सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये या मुळातून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. आपले मार्गदर्शक हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले. ते पुढे उपयोगी पडले ते हृदयाचे ठोके बिघडतात त्या आजारात. रक्तदाब उतरवणारे मुख्य द्रव्य अजून मुळातच दडलेले होते.

मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना मुळाच्याच गोळ्या देऊन रक्तदाब उतरतो हे तपासले. त्यांचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी त्यातून ‘रेसरपीन’ वेगळे केले.

म्हणजे वाट दाखवली अख्ख्या मुळाने, पण मात्रा ठरवता आली शुद्ध द्रव्यामुळे. रेसरपीनची दिवसाची मात्रा एका मिलिग्रॅमच्याही आत असते. चमचाभर पुडीत ते किती आहे, हे जमीन, झाडाचे वय आणि साठवण यांनुसार बदलते. शुद्ध औषधही निर्धोक नव्हते. काही रुग्णांना नैराश्य आले, नवी औषधे निघाली आणि त्याचा वापर मागे पडला. पण तेच रेसरपीन पुडीतही असते. नेहमीच्या गोळीसोबत पूड घेतली, त्यात दिवसभर पाणी नाही, तर रक्तदाब फार उतरून चक्कर येऊ शकते.

म्हणून रोजे ठेवण्याआधी पूड असो वा गोळी, जे घेता ते सगळे डॉक्टरांना किंवा हकीमांना सांगावे. आजाऱ्याला रोजा पुढे ठेवण्याची मुभा धर्मानेच दिली आहे.