आधी चेंडू, मग सिनेमा

अ‍ॅनिमेशन शिकायचं म्हणजे महागडा कॉम्प्युटर आणि लाखभराचा कोर्स, असं बरेच पालक धरून चालतात. सुरुवातीला तरी कोऱ्या कागदांचा गठ्ठा, पेन्सिल आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर भागतं.

पहिला धडा बहुतेक ठिकाणी उसळणाऱ्या चेंडूचा असतो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेमपर्यंत ठेवलं तर १२ चित्रांत काम होतं. वर पोचताना चेंडूचा वेग मंदावतो, म्हणून तिथली चित्रं एकमेकांना खेटून काढायची, जमिनीजवळची लांब लांब. टेकताना चेंडू चपटा होतो, पण तेवढाच रुंदही व्हायला हवा. नाहीतर हवा गेल्यासारखा दिसतो.

रिचर्ड विल्यम्स यांच्या ‘द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ या २००१ च्या पुस्तकात हे आकृत्यांसह आहे. इंग्रजी जेमतेम असलं तरी अडत नाही. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांचं ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ (१९८१) जाडजूड आहे; ते सवडीने.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं: साध्या कामाला पेन्सिल टूडी, रंगकामाला क्रिता, थ्रीडीला ब्लेंडर. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरवरच झाला. तरी नवख्याने ब्लेंडरला लगेच हात घालू नये, असं माझं मत. त्यातली बटणं बघूनच अनेकजण नाद सोडतात.

स्केचिंग मात्र रोज हवं. एसटी स्टँडवर बसा, पिशव्या उचलणारी माणसं अर्ध्या मिनिटात एकेक टिपा. ओझं उजव्या हातात असेल तर अंग डावीकडे कलतं, ते आधी पकडा, नाकडोळे नंतर.